गिरडकर मॅडमनी नाकारलेला माळ

गिरडकर मॅडम जागा बघायला गेल्या की त्या गावचं पाणीसुद्धा पीत नसत. चहा तर लांबच. सरपंच हात जोडून उभा असे, आत कुणीतरी कपबश्या विसळत असे, आणि मॅडम झोळीतून स्वतःची बाटली काढून माझ्यासमोर धरत. "पी," म्हणत. मला तहान असो वा नसो. मग गावकऱ्यांकडे वळून अगदी गोड आवाजात सांगत, "आमचं काम होऊ द्या, मग येतो नं चहाले." काम झालं की आम्ही गाडीत बसून सरळ नागपूरची वाट धरायचो. पहिल्या वर्षी मला या वागण्याची इतकी लाज वाटे की मी गाडीपाशीच रेंगाळत राहायचो.

एकदा धीर करून विचारलं. तेव्हा आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली त्यांच्या डब्यातली भाकर आणि जवसाची चटणी खात बसलो होतो.

"ज्याच्या घरचं जेवलं, त्याचा माळ वाईट हाय म्हणता येते का तुले?" त्यांनी उलट मलाच विचारलं. "मले नाही येत. म्हणून जेवत नाही."

आमचं काम इथे थोडक्यात सांगून टाकतो, कारण लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मला ते कधीच धड सांगता आलेलं नाही. संपत चाललेल्या पशुपक्ष्यांसाठी त्यांची मोडलेली जागा पुन्हा उभी करायची, आणि ती नेमकी कुठे करायची हे ठरवायचं. ठरवणं हाच खरा उद्योग. पैसा आणि परवानग्या एका वेळी एकाच जागेला मिळतात. म्हणजे एकाला हो म्हणायचं आणि उरलेल्या सगळ्यांना नाही. आमच्या वाट्याला त्या वर्षांत तणमोर आला होता. कोंबडीएवढं, लांब मानेचं पाखरू. पावसाळ्यात गवत वाढलं की माळावर येतं. नर गवताच्या वर उड्या मारतो, आणि मादी खाली जमिनीवरच, गवताच्या बुडाशी अंडी घालते. गवत नाही तर तणमोर नाही, इतका साधा हिशेब. संस्थेत नकाशे करायचं काम माझ्याकडे होतं आणि गवत ओळखायचं मॅडमकडे. शेवटचं हो किंवा नाही त्यांचंच असे.

उंच, किडकिडीत बाई. सुती पंजाबी ड्रेस, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. आधी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, तो खणखणीत आवाज तसाच राहिलेला. मीटिंगमध्ये पुस्तकी मराठी बोलत आणि जिन्यात आलं की वऱ्हाडी. लग्न केलं नव्हतं. कुणी फार खोदून विचारलंच तर "जागा पसंत पडली नाही" एवढं म्हणून समोरच्याकडे असं बघत, की तो स्वतःच्या संसाराचा विचार करत निघून जाई.

माळावर पोचल्यावर त्या पहिलं काय करत, तर उकिडव्या बसत. साठीला आलेली बाई गवतात उकिडवी बसून मान ताणून इकडेतिकडे बघते आहे, हे दृश्य गावकऱ्यांना चमत्कारिक वाटे. कुणी बाया हळूच तोंडाला पदर लावत. मॅडमना त्याचं काही नसे. "उभ्यानं दिसते तो माणसाचा माळ," त्या म्हणत. "पाखराले काय दिसते ते पाह्य." मीही बसायचो. दोन मिनिटांत गुडघे ओरडू लागत. पण खरंच वेगळं दिसायचं. उभ्याने हिरवागार वाटणारा माळ खालून विरळ निघे, आणि कुत्रं कुठून येईल तेही कळे. माझ्या रंगीत नकाशांबद्दल त्यांना माया होती, पण ती घरातल्या हुशार पण आळशी पोराबद्दल असते तशी. "तुझा कॉम्प्युटर कुठं खाली बसते गा, पाटणकर?" असं विचारत.

झाडं लावणाऱ्यांवर त्यांचा फार राग. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण माळावर झाडं लावली की माळ मरतो, आणि आपल्याकडे मोकळं गवत दिसलं की प्रत्येकाचा हात रोपाकडे जातो. एका बड्या अधिकाऱ्याने भर बैठकीत प्रस्ताव मांडला, की या पडीक जागेवर पावसाळ्यात वृक्षारोपण करू, शाळेची मुलं आणू, फोटोही चांगले येतील. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमच्या दिवाणखान्यात पण पुष्कळ मोकळी जागा असेल. मी उद्या दोन बाभळी घेऊन येते." साहेब हसले. ते हसले म्हणून सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, आणि झाडंही लागली नाहीत.

हळव्या मात्र त्या नव्हत्या. विजेच्या तारेवर आपटून एक तणमोर मेल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही जेवत होतो. मॅडमनी तार किती उंच होती एवढं विचारलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. माझा घास तोंडातच राहिला. बाई दगड आहे असं मला वाटलं. आता मी त्याच खुर्चीवर बसतो, तशाच बातम्या ऐकतो आणि मीही तारेची उंची विचारतो. दगड होणं म्हणजे काय ते कळलं आहे. त्याला फार दिवस लागत नाहीत.

मग यादी गाळत गाळत दोन जागा उरल्या. एक वर्ध्याकडे, गावापासून लांब, बरी म्हणावी अशी. तिथे पाखरू बऱ्याच वर्षांत दिसलं नव्हतं. दुसरी खाप्याच्या पुढे, कन्हानच्या पलीकडे. कागदोपत्री ती झुडपी जंगल, पण प्रत्यक्षात झुडूप औषधाला नाही, नुसतं गवत. तिथे तणमोर दर पावसाळ्यात येत होता. आणि ते मॅडमचं स्वतःचं गाव होतं. थोरले भाऊ, वहिनी, शेती, सगळं तिथेच.

माझ्या नकाशात तो माळ पहिला आला तेव्हा मॅडमनी मला दोनदा सगळं पुन्हा करायला लावलं. दोन्ही वेळा तोच आला. मग आम्ही गेलो. भावाच्या दारात त्यांनी बाटली काढली. वहिनींचा हात तांब्यासकट तसाच राहिला.

"आता आमच्या घरचं पाणीबी चालत नाही काय, शकुताई?"

"काम होऊ दे नं, वहिनी."

"राहू दे वं," भाऊ बायकोला म्हणाले, "तिचा नेम हाय तो." पांढरी टोपी, रुंद हाडाचा शांत माणूस. मॅडम त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणू लागलो.

गावाची निकड खरी होती. माळाच्या एका कडेला मुरुमाचं खोदकाम सुरू झालेलं, आणि ते रोज थोडं थोडं आत सरकत होतं. माळ तणमोरासाठी ठरला असता तर ते जागच्या जागी थांबलं असतं. अडचण एकच होती, आणि ती गावाच्या जुन्या रिवाजाची. मृगापासून तो माळ राखायचा, कुणाचं ढोर आत जाऊ द्यायचं नाही. मग पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखालून सुटले की थेट माळात सोडायचे. वर्षभर राबले त्यांची ती पंगत. पण नेमकी तेव्हाच मादी अंड्यांवर असते.

देवळासमोर बैठक झाली. मॅडमनी मांडलं, की बैल पोळ्याऐवजी दसऱ्याला सोडा, तरच या जागेचा विचार होईल. "मी शब्द देऊन नाही राहिली," हेही सांगितलं. एक म्हातारा उठून म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी बैलाले उपाशी ठेवाचं म्हणते काय, बाई?" कुजबूज वाढली. तेव्हा दादा उभे राहिले. तोरणाखालून पहिली जोडी सुटायचा मान त्यांच्या घराचा. ती जोडी माळात शिरली की मागून गावाची. "यंदा माझी जोडी माळात जाणार नाही," ते म्हणाले आणि खाली बसले. मानाचीच जोडी जात नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला जाता येईना.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन आला. मॅडमनी तो मलाही ऐकू येईल असा धरला. "पोळा झाला, शकू. एकबी बैल आत गेला नाही." फोन ठेवून त्या बराच वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसल्या. खूश होत्या. मी त्यांना तसं खूश पुन्हा कधी पाहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात पैसा आणि परवानग्या देणारी समिती जागा पाहायला निघाली. दोन गाड्या, चार साहेब, मॅडम आणि मी. गावाच्या वेशीला आंब्याचं तोरण होतं. पुढे माळ सुरू झाला आणि मला आधी कळेचना काय वेगळं दिसतं आहे ते. गाडी सरळ आत गेली. गवतातून रुंद रस्ता कापलेला होता. दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा. माळाच्या मधोमध मोठा चौक साफ करून मांडव घातलेला, खुर्च्यांना पांढरी कापडं, पाण्याचे जार. सरपंच धावत आले. "साहेब लोकाईच्या पायात काही येऊ नये म्हून सारं गाव लागलं होतं," ते म्हणाले. "बाया-मानसं, सारे विळे घेऊन." मागे सारं गाव उभं होतं. धुतलेल्या कपड्यांत, अंगणात सडा घालून पाहुण्यांची वाट पाहत उभं राहतात तसं. दादा सर्वांत पुढे, नव्या धोतरात.

साहेबांना फार बरं वाटलं. "किती स्वच्छता आहे," एक जण म्हणाले.

मॅडम मांडवाच्या मागे गेल्या. मी मोजणीच्या यंत्राची पिशवी घेऊन मागोमाग. कापलेल्या खुंटांमध्ये त्या नेहमीसारख्या उकिडव्या बसल्या आणि बसल्याच. मी वाकून पाहिलं. मातकट हिरवं कवच, फुटलेलं. त्याला मुंग्या लागलेल्या. शेजारी एक अंडं सबंध होतं. मॅडमनी ते दोन बोटांनी उचललं, गालाला लावून पाहिलं आणि परत ठेवलं. मग बाजूच्या पेंढीतलं गवत दोन्ही हातांनी ओढून त्यावर पसरलं, काही दिसणार नाही असं.

"मी बैलाचं सांगतलं," त्या म्हणाल्या. "विळ्याचं सांगाचं राहून गेलं."

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"कोणाले बोलू नको, पाटणकर."

मांडवात येऊन त्या आपल्या खुर्चीवर बसल्या. शाल आणि श्रीफळ दादांच्या हातून होतं. त्यांनी बहिणीच्या खांद्यावर शाल घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या वेळी मला काय वाटत होतं असं मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं. काही वाटत नव्हतं. ऊन होतं आणि टाळ्या वाजत होत्या, एवढंच आठवतं.

समितीचं जेवण दादांच्या घरी होतं. मी बाटली पुढे येण्याची वाट पाहत ओसरीवर थांबलो. मॅडम सरळ आत गेल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, "वहिनी, माझं पान वाढ."

वहिनींना इतका आनंद झाला की त्यांनी साहेबांना सोडून आधी नणंदेला वाढलं. वडाभात होता. मॅडमनी मागून घेऊन खाल्ला, ताकही घेतलं. वहिनी मला म्हणाल्या, "पाहा नं भाऊ, झालं वाटते काम." मी मान हलवली. काम झालंच होतं; ठरवायचं काही उरलं असतं तर त्या तिथे जेवल्या नसत्या. मॅडमना त्या घरी जेवताना पाहिलं तेव्हाच मला निकाल कळला होता.

नागपुरात आल्यावर बैठक झाली. भिंतीवर दोन नकाशे. मॅडमनी वर्ध्याकडच्या जागेवर बोट ठेवलं. कारणं सांगितली, विजेच्या तारा, रस्ता, खोदकाम. सगळी खरी होती. "पण पक्षी तर त्या दुसऱ्या माळावर होते ना?" कुणीतरी विचारलं. "होते," मॅडम म्हणाल्या आणि सही केली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. मला ते पटलं नव्हतं. एक घरटं गेलं म्हणून सबंध माळ काढून टाकायचा? गवत पुढच्या वर्षी वाढलं असतं.

"एकच होतं हे तुले काय माहीत?" त्या म्हणाल्या. "आणि खरं कारण लिहिलं की ते गावात जाते. आपल्याच विळ्यानं कापलं हे दादाले कळलं, त जन्मभर त्या माळाकडे पाहणार नाही तो. त्यापेक्षा मले नावं ठेवू दे."

दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबल्या. "माझ्या भावाचा नसता त मी काय केलं असतं, हे मले नाही सांगता येत. ते तपासून पाहाच्या आतच मी ठरवून टाकलं, न् जेवली तिथं." मग खाली निघून गेल्या.

गावाने नावं ठेवली, अगदी मनापासून. पोरगी शिकली आणि गावाला विसरली. इमानदारी दाखवायला स्वतःच्याच घरावर नांगर फिरवला. त्या दिवाळीत दादा भाऊबीजेला आले नाहीत, पुढच्याही नाहीत. भाऊबीजेला ऑफिस बंद असे, पण मॅडम येऊन बसत. एकदा मी माझं काही घ्यायला गेलो तर त्या खिडकीपाशी होत्या. पुढ्यात काम नव्हतं. मी बसू का म्हणून विचारलं. "घरी जाय, बहीण वाट पाहत असन," म्हणाल्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वर्ध्याकडचं गवत छान आलं. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मी दर पावसाळ्यात जातो, उकिडवा बसतो. तणमोर तिथे आलेला नाही. अहवालात आम्ही "अद्याप" असा शब्द घालतो. खाप्याकडच्या माळाचं मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी संस्थेच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम होता. भाषणं चालली होती. शेवटच्या रांगेत पांढरी टोपी दिसली. दादा. त्यांना कुणी कळवलं होतं कोण जाणे. मॅडमनी त्यांना पाहिलं आणि मग समोर बोलणाऱ्याकडे टक लावून बसल्या. सूत्रसंचालकाला कुठून तरी कळलं की हे मॅडमचे बंधू. त्याने आग्रहाने माइक नेऊन दिला.

"मले भाषण येत नाही," दादा म्हणाले. माइक त्यांनी हातात उलटा धरला होता, तो कुणीतरी सरळ करून दिला. "अर्धा माळ मुरमात गेला. उरला तेवढा आमी राखून राहिलो. अजूनबी दसऱ्याच्या आत बैल जात नाही. गावातले म्हणतात, पाखरू त येत नाही, मंग राखता काहून? मी म्हणतो, आपलं काही चुकलं असन. शकू अशी नाही म्हणणारी नाही. तिनं सांगतलं नाही, पण काहीतरी चुकलं असन आपलं. ते सुधरवाले राखतो." माइक परत देऊन ते बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं असेल? एक भाबडा शेतकरी बोलला, एवढंच. मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पुढचं भाषण झालं, चहा-समोसे झाले, फोटो झाले. मग त्या माझ्याजवळ आल्या.

"पाटणकर, मी दादाले विळ्याचं सांगून येते."

"आत्ता?"

"वाट पाहून राहिला गा तो," त्या म्हणाल्या. "मले वाटलं होतं, मी त्याले वाचवलं."

मी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून पाहत राहिलो. दोघं रस्त्याच्या कडेला, मेट्रोच्या खांबाच्या सावलीत उभी होती. मॅडम बोलत होत्या. फार वेळ लागला नाही, सांगायला होतंच किती. दादांनी टोपी काढली, हातात धरली, तिच्या आत पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा डोक्यावर घातली. एकदा ते काहीतरी बोलले. मॅडमनी मान हलवली, नाही म्हणून की हो म्हणून ते वरून कळलं नाही. मग दादा वळले आणि एकटेच चालू लागले, भराभर. मॅडम जागीच राहिल्या. मला वाटलं, संपलं हेही.

चौकाच्या तोंडाशी दादा थांबले. मागे पाहिलं नाही, पण थांबले. गाड्यांना सिग्नल सुटला, पुन्हा लागला, ते तसेच उभे. मॅडम सावकाश चालत त्यांच्यापर्यंत गेल्या. रस्ता ओलांडताना दादा वाहनांच्या बाजूला झाले आणि त्यांनी तिचा दंड धरला, लहान मुलीचा धरतात तसा. मॅडमनी तो धरू दिला.